पहिली निवडणूक कव्हर करताना

पहिलीच निवडणूक आणि तीही एवढी तापलेली, धास्ती वाटणारच. सध्या एवढंच सांभाळ.

- प्रभागनिहाय मागचा निकाल पाठ कर. ४० मतांनी गेलेल्या जागेवरचा प्रचार वेगळाच असतो.
- गर्दीचा आकडा आयोजकांकडून घेऊ नकोस. एका रांगेतल्या खुर्च्या मोज, रांगांच्या संख्येने गुण, रिकाम्या वजा कर. दोन मिनिटांचं काम आहे.
- आरोप कानावर आला की छापण्याआधी समोरच्याला फोन कर. नवखे इथेच घसरतात! त्याने उचलला नाही, तर किती वाजता, कितीदा केला ते वहीत लिही.

आणि उमेदवाराच्या गाडीतून फिरू नकोस. लोक तुला त्याचाच माणूस समजतात, मग मोकळं बोलत नाहीत. मतविभागणीची गणितं नंतर बघू.