वाचकांचे प्रश्न : पॅसिफिक मुलांचे घर आणि शाळा

न्यूझीलंडमधील शाळांत शिकवणाऱ्या मराठी शिक्षकांची या विषयावरची पत्रे वाढली आहेत. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. २०२३ च्या जनगणनेत तिथे ४,४२,६३२ पॅसिफिक (मूळचे प्रशांत महासागरातल्या बेटांवरचे) लोक होते, म्हणजे लोकसंख्येच्या ८.९ टक्के, आणि त्यांतले दर दहांतले सहा जण ऑकलंडमध्ये राहतात. जवळपास निम्मे सामोअन. बाकीचे टोंगा, कुक आयलंड्स, नीउए, टोकेलाऊ, टुवालू, फिजी, किरिबाटी इथले. भाषा वेगळ्या, रीतिरिवाज वेगळे. पुढची उत्तरे वाचताना हे लक्षात असू द्यावे.

प्रश्न : मी दक्षिण ऑकलंडमध्ये इयर २ ला (साधारण सहा वर्षांच्या मुलांना) शिकवते. वर्गात बहुतेक मुले सामोअन आणि टोंगन. पालकभेटीची चिठ्ठी दप्तरातून पाठवली, शाळेच्या अ‍ॅपवरही टाकली, तरी चार-पाच घरांतूनच कोणी आले. सहकारी म्हणतात, या पालकांना रसच नाही. काय बदलू?

आधी सहकाऱ्यांचे निदान बाजूला ठेवा. भेटीची वेळ काय होती? दुपारी तीन ते पाच असेल, तर सफाई, गोदाम, विमानतळ, कारखाना अशा पाळ्यांच्या कामात असलेल्या घरांत त्या वेळी एक जण कामावर निघालेला असतो आणि दुसरा रात्रपाळी करून झोपलेला असतो. शिवाय आठवड्यातली एखाद-दुसरी संध्याकाळ चर्चच्या गायनाच्या किंवा तरुण मंडळाच्या सरावाला बांधलेली असते. रविवार तर सोडूनच द्या.

दुसरे कारण कमी बोलले जाते. आजचे बहुसंख्य पॅसिफिक लोक न्यूझीलंडमध्येच जन्मलेले आहेत. तुमच्या वर्गातले अनेक आईवडील अशाच एखाद्या शाळेत शिकले, आणि शाळेतून घरी निरोप आला म्हणजे मुलाने काहीतरी केले, हेच त्यांनी लहानपणापासून पाहिले. आजीआजोबांच्या पिढीला सरकारी कागदाची वेगळी धास्ती आहे. सत्तरच्या दशकाच्या मध्यात, व्हिसा संपलेल्यांना शोधायला पहाटे घरांवर धाडी पडल्या, त्या प्रामुख्याने पॅसिफिक घरांवर. सरकारने त्याची औपचारिक माफी १ ऑगस्ट २०२१ रोजी मागितली. छापील चिठ्ठीला उत्तर येत नाही, यात आश्चर्य वाटण्यासारखे फारसे काही नाही.

आता करायचे काय? पहिल्या सत्राच्या पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्येक घरी स्वतः फोन करा. फोनवर तक्रार नको, मागणी नको. मुलाने वर्गात केलेली एक नेमकी गोष्ट सांगा आणि दोनच प्रश्न विचारा : भेटायला कोणता वार आणि वेळ सोयीची, आणि भेटीला कोण येईल. दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण गृहपाठ पाहणारी व्यक्ती आजी, मावशी किंवा मोठी चुलत बहीण असू शकते. तिला वगळून ठरवलेले काहीही घरी टिकत नाही.

भेटीला तीस ते चाळीस मिनिटे लागतात. दहा मिनिटांच्या रांगेत हे काम होत नाही. सुरुवातीला कुटुंबातल्या कोणी छोटी प्रार्थना केली, तर शांत बसा. पहिली दहा मिनिटे घरच्यांना बोलू द्या : मूल घरी काय करते, धाकट्यांना काय वाचून दाखवते, चर्चमध्ये काय पाठ म्हणते. सामोअन मुले ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी, व्हाइट संडेला, साऱ्या मंडळीसमोर पाठ केलेले उतारे म्हणतात. वर्गात तोंड न उघडणारे मूल तिथे लांबलचक उतारा न अडखळता म्हणत असेल, तर ती माहिती तुमच्या कुठल्याही चाचणीपेक्षा कामाची आहे.

मग मुलाची लिखाणाची वही टेबलावर ठेवा. आज ते कोणत्या पातळीचे पुस्तक वाचते आणि या वयाला वर्गात काय अपेक्षित आहे, हे दोन्ही स्पष्ट सांगा. इथे बहुतेक शिक्षक कच खातात. 'छान चालले आहे, खूप गोड मुलगा आहे' एवढ्यावर भेट संपते, घरचे निश्चिंत होतात, आणि मूल दोन वर्षे मागे आहे हे त्यांना इयर ९ मध्ये, म्हणजे माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षी, कळते. पालकांचा शाळेवरचा विश्वास सर्वांत जास्त इथेच तुटतो, असे आमचे मत आहे. अंतर असेल तर आकड्यात सांगा आणि लगेच पुढचे पाऊल दाखवा.

पाऊल एकच ठेवा. तीन उद्दिष्टे दिली की एकही होत नाही. 'या सत्रात हे पंचवीस शब्द पाहताक्षणी वाचता यायला हवेत' असे काहीतरी. शब्दांची कार्डे हातात द्या, खेळ समोर खेळून दाखवा आणि घरच्यांना एकदा खेळायला लावा. निघण्यापूर्वी पुढची तारीख ठरवा. दोन आठवड्यांनी फोन करा. तो राहिला की कार्डे खणात जातात.

ऑकलंडच्या सिल्विया पार्क शाळेने बार्बरा आलाआलातोआ मुख्याध्यापिका असताना ही पद्धत 'मुटुकारोआ' या नावाने पक्की केली. मूल शाळेत आल्यानंतर ठरावीक टप्प्यांवर त्याची चाचणी घ्यायची, निकाल कुटुंबासमोर मांडायचा, मिळून उद्दिष्ट ठरवायचे आणि घरी वापरायचे साहित्य सोबत द्यायचे. गरज पडली तर भेट घरी किंवा कामाच्या ठिकाणी. पुढे शिक्षण मंत्रालयाने ती इतर शाळांत नेली. तिची गोम अशी, की या कामासाठी वेगळी व्यक्ती नेमलेली होती. हेच काम वर्गशिक्षकाला शिकवण्यातून मोकळे तास न देता सोपवले, तर पहिल्या सत्रात उत्साह दिसतो आणि तिसऱ्या सत्रात कागद उरतात. मुख्याध्यापकांकडे आधी त्या तासांची मागणी करा.

जाता जाता : सांस्कृतिक संध्याकाळीला, नाच-गाणे-जेवणाला सभागृह भरते, आणि शाळा ते छायाचित्र 'पालक-सहभाग' म्हणून अहवालात लावते. कार्यक्रम जरूर करा, ओळखी तिथेच होतात. पण त्या गर्दीत एकाही मुलाच्या वाचनाबद्दल कोणी बोललेले नसते.

प्रश्न : भेटीत पालक सगळ्याला 'हो' म्हणतात, मूल मान खाली घालून बसते. समजले की नाही, कळत नाही. दुभाषी म्हणून मोठ्या बहिणीला बसवले तर चालेल का?

खाली मान हा मोठ्यांसमोरचा आदर आहे. 'माझ्याकडे बघून बोल' असा आग्रह धरला, तर मूल घरचा नियम मोडायचा की शाळेचा, या कात्रीत सापडते. 'हो' सुद्धा बहुधा आदराचेच असते. शिक्षकाच्या तोंडावर नाही म्हणणे उद्धटपणाचे वाटते. म्हणून 'समजले ना?' असे विचारूच नका. 'हे घरी कोण करून घेईल? कोणत्या वेळी?' असे विचारा. उत्तरात नाव आणि वेळ आली तर समजले आहे.

बहिणीला स्वागतापुरते बसवा, निकाल सांगताना नको. मुलाने स्वतःच्याच अहवालाचे भाषांतर करणे तर अजिबात नको. वाईट भाग गाळला जातो. शाळेतली त्या भाषेची शिक्षक-सहायक हा बरा पर्याय आहे, पण कुटुंबाला आधी विचारा. समाज लहान असतो, आणि दुभाषी त्याच चर्चमधली किंवा दूरच्या नात्यातली निघाली, तर घरचे मोकळेपणी बोलणार नाहीत. आणि सामोअन भाषा येणारी व्यक्ती टोंगन किंवा नीउएच्या कुटुंबासाठी बोलावून चालत नाही. हे सांगावे लागू नये, पण सांगावे लागते.

प्रश्न : एका सामोअन आईने विचारले, 'इंग्रजी सुधारायला घरी सामोअन बंद करू का?' काय सांगावे?

नाही म्हणून सांगा, आणि कारणासकट सांगा. गोष्ट क्रमाने सांगणे, कारण देणे, अंदाज बांधणे ही कौशल्ये एका भाषेत पक्की झाली की दुसऱ्या भाषेत कामी येतात. घरात जी भाषा सहज येते ती थांबवली, तर आई आणि मूल यांच्यात 'जेव, झोप, आवर' एवढेच उरते. इंग्रजी वाढत नाही, बोलणे मात्र आटते.

साहित्य उपलब्ध आहे. मंत्रालयाने सुरुवातीच्या वाचकांसाठीची पुस्तके सामोअन, टोंगन, कुक आयलंड्स माओरी, नीउएअन आणि टोकेलाऊअन या भाषांत इंग्रजीसह द्विभाषिक काढली आहेत. वापरण्याचा क्रम असा : पुस्तक आधी घरी जाऊ द्या. घरच्या भाषेत वाचन आणि चित्रांवर गप्पा, रोज दहा-पंधरा मिनिटे, आठवड्यातले चार-पाच दिवस. त्यानंतर वर्गात तेच पुस्तक इंग्रजीत. मुलाला आशय माहीत असतो, त्यामुळे सारे लक्ष शब्दांवर राहते. उलट क्रम केला तर घरचे वाचन निव्वळ उजळणी होते आणि मूल कंटाळते. न्यूझीलंडमध्ये वाढलेल्या पालकांना सामोअन बोलता येते पण वाचता येत नाही, असेही होते. तेव्हा आजीला वाचू द्या, किंवा फक्त चित्रांवर बोलायला सांगा.

एक बारकावा मराठी शिक्षकांच्या चटकन ध्यानात येईल. बरीच सामोअन मुले 'पी ताउताऊ' नावाचा अक्षरतक्ता आपल्या बाराखडीसारखा चालीवर म्हणत शिकून येतात. त्यात स्वर आ, ए, ई, ओ, ऊ असे सरळ असतात आणि रोमन 'जी' चा उच्चार ङ होतो. असे मूल इंग्रजी 'सिट' ला 'सीट' वाचते. ते कच्चे नाही, शिकलेला नियम नव्या जागी लावते आहे. दोन्ही तक्ते शेजारी ठेवून फरक दाखवा आणि तोच फरक घरच्यांनाही सांगा. नाहीतर तेच अक्षर घरी एक आणि शाळेत दुसरे ऐकून मूल गप्प होते. मुलांची नावे उच्चारतानाही हाच नियम पाळा.

डिसेंबरच्या मध्यापासून जवळपास सहा आठवडे शाळा बंद असते आणि वाचनाची घसरण त्याच काळात होते. शेवटच्या आठवड्यात मुलाने स्वतः निवडलेली आठ-दहा पुस्तके घरी द्या. परत येतील की नाही, याची फार काळजी करू नका.

प्रश्न : इयर ११ चा वर्ग आहे. पालकांना एनसीईए (शेवटच्या तीन शालेय वर्षांतली राष्ट्रीय प्रमाणपत्राची पद्धत) समजावताना सगळे त्यांच्या डोक्यावरून जाते. कुठून सुरुवात करू?

क्रेडिटपासून (प्रमाणपत्रासाठी साठवायच्या गुणांपासून) नको, शेवटापासून करा. मुलाला काय व्हायचे आहे ते विचारा आणि तिथून मागे या. विद्यापीठ हवे असेल तर एनसीईएची सर्वांत वरची पातळी, लेव्हल ३, उत्तीर्ण, तीन मान्य विषयांत प्रत्येकी १४ क्रेडिट, शिवाय वाचन-लेखनाचे १० (प्रत्येकी ५) आणि अंकज्ञानाचे १० लागतात. एनसीईएच्या कुठल्याही लेव्हलचे प्रमाणपत्र मिळण्यासाठी २०२४ पासून वाचन, लेखन आणि अंकज्ञान मिळून २० क्रेडिटची वेगळी अट आहे. ती न कळल्याने 'सगळे विषय पास, तरी प्रमाणपत्र का नाही?' हा प्रश्न येतो. एका कागदावर मुलाचे नाव, मिळालेले आणि बाकी असलेले क्रेडिट, एवढेच लिहून द्या.

खरा घोटाळा विषय निवडताना होतो. इयर ११ मध्ये मुलाला सोप्या गणिताच्या गटात टाकले की अभियांत्रिकी, वैद्यक यांची दारे तिथेच बंद होतात, आणि घरी आलेला कागद मात्र 'उत्तीर्ण' म्हणतो. विषयाचा अर्ज सही करून घेण्यापूर्वी 'या निवडीने कोणते अभ्यासक्रम हातचे जातील' हे पालकांना तोंडी सांगा. २०२५ मध्ये सरकारने एनसीईए बदलण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा पुढच्या तुकड्यांसाठी नियम तपासूनच बोला.

प्रश्न : घरातल्या अंत्यविधीसाठी मूल आठवडाभर आले नाही. गैरहजेरीचे पत्र धाडावे का?

आधी फोन करून दुःख व्यक्त करा. विधी अनेक दिवस चालतात, नातेवाईक परदेशातून येतात, मोठ्या मुलांवर कामे पडतात. मूल परत येईल त्या दिवशी बुडालेल्यांतले सर्वांत गरजेचे दोन धडे तयार ठेवा. सगळा ढीग देऊ नका. गैरहजेरी वारंवार, कारणाशिवाय होत असेल तर ते वेगळे प्रकरण आहे, आणि तेही पत्राऐवजी भेटीनेच सुटते.

प्रश्न : आमच्या शाळेत तीस टक्के मुले पॅसिफिक, पण बोर्डावर (शाळेच्या निवडून आलेल्या कारभारी मंडळावर) त्यांच्यातले कोणी नाही. निवडणूक तर तीन वर्षांनी येते.

तोवर थांबायची गरज नाही. बोर्डाला निवडणुकीशिवायही सदस्य सहयोजित करता, म्हणजे स्वतः नेमून घेता, येतो. मात्र एकट्या पालकाला बसवून 'सर्व पॅसिफिक लोकांचे मत सांगा' म्हणू नका. टोंगन वडील कुक आयलंड्सच्या घरांच्या वतीने कसे बोलतील? दोघांना घ्या, बैठकीचे कागद आठवडाभर आधी द्या, आणि अर्थसंकल्पाची भाषा समजावायला एक तास अध्यक्षांनी स्वतः द्यावा. बैठक संध्याकाळी साडेपाचला ठेवण्याचा रिवाज असेल, तर त्यांच्या पाळ्या विचारून तो आधी बदला.