जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालं, आता पुढे काय?

अगं, सगळीकडे नर्सेसचा तुटवडा म्हणतात मग नोकरी का मिळत नाही असं विचारतेस ना, तर ऐक. नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्टरवर नावं ढिगानं आहेत, पण त्यातल्या कित्येकजणी गल्फला गेल्यात नाहीतर लग्नानंतर घरी बसल्यात, त्यांची नावं तशीच राहतात. नर्सिंग कॉलेजंही कर्नाटक-केरळात गच्च, ईशान्येकडे त्यामानाने फारच कमी. 2023 मध्ये केंद्राने 157 नवीन सरकारी कॉलेजं मंजूर केली, पण पोरी वाढल्या म्हणून भरलेल्या जागा वाढतात असं थोडीच आहे!

शिकवताना सांगतात जनरल वॉर्डात पाच पेशंटला एक नर्स. माझी पहिली नाईट आठवते, तालुक्याला, चाळीस पेशंट आणि मी एकटी, एका टोकाची सलाईन बदलून येईपर्यंत दुसऱ्या टोकाहून "सिस्टर, संपली!" (वॉर्डात मदतीला मावशी होत्या म्हणून तरले.)

तरी माझं ऐकशील तर पहिली दोन वर्षं तालुक्यालाच काढ, पुण्यातल्या चकचकीत हॉस्पिटलात नुसती फाईल भरशील, इथे हात बसतो. आणि कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आधी कर, ओरिजिनल सर्टिफिकेट कुणाकडे ठेवायला देऊ नकोस, बाँडच्या (ठरावीक काळ नोकरी सोडणार नाही या कराराच्या) नावाखाली माझं एकदा अडकवलं होतं, सोडवताना नाकीनऊ आले.