शिबिराला कुणी फिरकत नाही, काय करू?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यात आशा गटप्रवर्तक आहे, म्हणजे गावोगावच्या आशा सेविकांचं काम बघते. आमच्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) महिन्यातून एकदा जिल्ह्याची मानसिक आरोग्य टीम येते, आम्ही बॅनर लावतो, दवंडी देतो, तरी दोन-तीनच माणसं येतात. आता साहेब म्हणतात लोकसहभाग वाढवा. म्हणजे नेमकं काय करायचं?

उत्तर : ताई, सगळ्यात आधी तो बॅनर काढा. ‘मनोरुग्ण तपासणी’ असं लिहिलेल्या मांडवात शिरताना अख्खं गाव बघणार आणि पोरीचं लग्न जमायचंय, मग कोण येईल सांगा.

आणि लोकसहभाग म्हणजे लोकांना शिबिराला आणणं नाही हो, शिबिर कधी, कुठं, कशासाठी हे ठरवताना लोक तिथे असणं. मी स्वतः विदर्भातल्या एका गावात अशी बैठक घेतली होती, पुरुष म्हणाले बाजाराच्या दिवशी ठेवा, सगळे तालुक्याला येतातच, मलाही पटलं होतं. मग बायकांशी वेगळं बसलो तर त्या म्हणाल्या बाजाराच्या दिवशी मजुरीचा चुकारा होतो, त्याच दिवशी घरात दारू येते, त्या दिवशी आम्हाला घर सोडून कुठं जाता येतंय! त्यांनी लसीकरणाचा दिवस सांगितला, अंगणवाडीत, कारण लेकरू कडेवर घेऊन निघालं की कुठं चाललीस असं कुणी विचारत नाही. हे आम्हाला ऑफिसात बसून कधीच सुचलं नसतं.

म्हणून बायकांशी वेगळं बसाच, आणि ज्यांच्या घरात आजार आहे त्यांच्याशी तर नक्की. झोप लागत नाही, जीव घाबरा होतो, मनाला लागलंय, डोक्यात फरक पडलाय, लोक असंच बोलतात, तुम्हीही तसंच बोला, डिप्रेशन हा शब्द पहिल्या दिवशी नको. आमच्या बैठकीत एका आईचं म्हणणं वेगळंच निघालं, डॉक्टर येतात ते ठीक पण गोळ्या मध्येच संपतात, मग जिल्ह्याला जायचं तर दोघांची मजुरी बुडते. म्हणजे तिला शिबिर नकोच होतं, गोळ्या पीएचसीत हव्या होत्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, त्यात सरकारी सेवा जवळ मिळण्याचा हक्क लिहिलेला आहे, तेव्हा ही मागणी लेखी द्या, बिनधास्त.

नवी कमिटी काढू नका. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती गावात आहेच, वर्षाला १० हजारांपर्यंतचा अबंधित निधीही असतो, म्हणजे गरजेप्रमाणे समितीनेच ठरवून खर्चायचा पैसा, त्या समितीत असा आजार असलेल्या घरातल्या एक-दोन जणांना बसवा, नुसतं सही करायला नाही तर बोलायला. महाराष्ट्रात २००७ पासून काही जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख झाली, म्हणजे सरकारी आरोग्य सेवेवर लोकांनीच लक्ष ठेवलं, जनसुनवाईत गावकऱ्यांनी डॉक्टरांसमोर उभं राहून औषधं का नाहीत असं विचारलंय, तोच रस्ता इथेही चालतो. फक्त एक सांभाळा, ग्रामसभेत गोळ्यांचं, गाडीचं, वेळेचं बोला, कुणाचंही नाव आणि कुणाच्या घरातली गोष्ट तिथे निघता कामा नये, गुप्ततेचा हक्कही त्याच कायद्यात आहे.

नाशिकच्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ प्रकल्पात गावातल्याच माणसांना ऐकून घ्यायला आणि गरज पडली तर पुढे पाठवायला शिकवलं होतं. तुमच्याकडेही अशी माणसं असतात, जिच्याकडे सगळ्या बायका रडायला जातात ती एक मावशी प्रत्येक गावात असतेच, तिला शोधा. पण सगळं आशाच्या डोक्यावर टाकू नका, तिची कामं आधीच कमी नाहीत.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर अंगणवाडीच्या भिंतीवर रंगवून घ्या, फोन फुकट आहे, मराठीतही बोलतात. फवारणीच्या दिवसांत कीटकनाशकाचे डबे घरात कुठं ठेवतात हेही बैठकीत विचारा, एखाद्या वाईट क्षणी ते कुणाच्या हाती लागू नयेत, कुलूप-किल्लीची सोय गावानेच ठरवली तर ती टिकते. आणि पुढच्या महिन्याची तारीख टीमला कळवायच्या आधी त्या बायकांना विचारून घ्या.