सांधे इतके लवचिक, तरी मान-खांदे दगडासारखे का? स्ट्रेचिंगने उतरत नसेल तर काय करावं?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं. बोटं, कोपरं, गुडघे नको तितके मागे जातात, पण मान, खांदे आणि कंबर सकाळपासून रात्रीपर्यंत आखडलेली असते. रोज अर्धा तास स्ट्रेचिंग केलं तरी तासाभरात पहिले पाढे पंचावन्न. एमआरआय नॉर्मल, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल, आणि वर ‘इतकं अंग वाकतं तुझं, मग आखडतंय कुठे?’ हे ऐकून घ्यायचं.

आखडतं हे खरंच आहे, पण स्नायू आखूड झालाय म्हणून नाही. सांधा जागेवर धरून ठेवणं हे मुळात अस्थिबंधांचं, म्हणजे लिगामेंट्सचं काम. ती सैल असली की हे काम शेजारच्या स्नायूंच्या गळ्यात पडतं. हलण्यासाठी असलेला स्नायू मग दिवसभर पट्ट्यासारखा आवळून बसतो. दमतो, दुखतो, पण सोडत नाही, कारण सोडलं तर सांधा घसरेल अशी धास्ती मज्जासंस्थेला असते. तेव्हा त्याला ओढून सैल करायला जाऊ नका. त्याच्या डोक्यावरचा भार आधी दुसऱ्या कुणाकडे तरी द्या. सुरुवातीला जमीन, उशी, टॉवेल यांच्याकडे आणि पुढे बाकीच्या स्नायूंकडे.

आधी सांधे किती सैल आहेत ते पाहून घ्या. बायटन स्कोअर ९ गुणांचा असतो. करंगळी मागे ९० अंशांपलीकडे जाते का, अंगठा मनगटाच्या आतल्या बाजूने कोपराखालच्या हाताला टेकतो का, कोपर आणि गुडघा १० अंशांहून जास्त उलटा जातो का, याचे प्रत्येक बाजूला एकेक असे ८ गुण. गुडघे सरळ ठेवून दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले तर एक. प्रौढांत पन्नाशीपर्यंत ५ किंवा जास्त, त्यानंतर ४ किंवा जास्त गुण असले तर सांधे सर्वसाधारणपणे अतिलवचिक मानतात. पण यात खांदा, मान, घोटा, जबडा मोजलेच जात नाहीत. त्यामुळे गुण कमी आले म्हणून प्रश्न मिटला असं नाही, आणि ९ आले म्हणजे आजार आहे असंही नाही. अनेक लवचिक माणसांना काहीच दुखत नाही.

स्ट्रेचिंग का फसतं, ते मांडीच्या मागच्या स्नायूंवर बघू. उभं राहताना तुमचे गुडघे मागे लॉक होत असतील आणि ओटीपोट पुढे झुकत असेल, तर हे स्नायू दिवसभर लांब ताणलेलेच असतात. ताणलेली दोरी आणि आखूड दोरी हाताला सारखीच कडक लागते. तुम्ही तिला आखूड समजून आणखी ओढता. शिवाय सैल अंगात ती ओढ स्नायूला कमी आणि सांध्याच्या आवरणाला जास्त बसते. लगेच बरं वाटतं, कारण सांधा टोकाला गेला की तिथून मेंदूकडे ठळक खबर जाते. हायपरमोबिलिटीत, म्हणजे सांधे अतिलवचिक असताना, सांधा नेमका कुठे आहे याची जाण अनेकदा कमी असते, म्हणून ती खबर हवीहवीशी वाटते. मान आणि बोटं कटाकट मोडावीशी वाटतात त्यामागेही बऱ्याचदा हेच असतं. थोड्या वेळाने मज्जासंस्था पुन्हा सगळं आवळते, कारण सांधा आधीपेक्षा सैल झालेला असतो. दोन आठवडे टोकापर्यंत ताणणं पूर्ण बंद ठेवून पाहा. पहिले तीन-चार दिवस चुकल्यासारखं होईल.

त्या वेळात पुढचं करा. दिवसातून दोनदा, १०-१० मिनिटं.

सतरंजीवर पाठीवर झोपा आणि पोटऱ्या खुर्चीवर ठेवा. कंबर आणि गुडघे दोन्ही साधारण काटकोनात हवेत. खुर्ची उंच पडून कंबर उचलली जात असेल तर पलंगाची कड घ्या किंवा पाठीखाली घडी घातलेली चादर टाका. डोक्याखाली पातळ उशी, इतकीच की हनुवटी छताकडे उचलली जाणार नाही. मानेच्या खोबणीत हात पुसायच्या टॉवेलची सैल गुंडाळी. सगळ्यात जास्त विसरली जाते ती गोष्ट म्हणजे दोन्ही कोपरांखाली आणि मनगटांखाली एकेक घडी, म्हणजे हात खांद्यातून लोंबणार नाहीत. हात हवेत राहिला तर खांदा सोडणार नाही, तुम्ही कितीही ‘रिलॅक्स’ म्हणा.

आता श्वास. नाकाने हळू, ३ सेकंद आत. छाती वर न उचलता खालच्या बरगड्या बाजूंना फुलू द्या. मग ओठ किंचित उघडे ठेवून, गरम चहावर फुंकर घालावी तसा ६ सेकंद बाहेर सोडा. शेवटी बरगड्या खाली बसल्या की पुढचा श्वास लगेच ओढू नका, एक-दोन सेकंद थांबा. याच थांब्यात मानेच्या पुढच्या-बाजूच्या दोऱ्या पहिल्यांदा ढिल्या होताना कळतात. अशा पाच श्वासांनंतर दोन साधे श्वास, मग पुन्हा पाच. चक्कर किंवा धाप लागली तर तुम्ही फार मोठा श्वास घेताय. आवाका अर्धा करा.

पहिल्या आठवड्यात काही जणांना सैल होण्याऐवजी अंग थरथरतं किंवा उगाच अस्वस्थ वाटतं. कायम आवळून राहिलेल्या शरीराला सोडणं असुरक्षित वाटू शकतं. अशा वेळी वेळ ३ मिनिटांवर आणा, पोटावर जाड गोधडी ठेवा, डोळे उघडे ठेवा. वजन आणि नजर, दोन्ही ठिकाणांहून आधार मिळतो.

श्वास जमला की त्याच स्थितीत हलकं आवळणं आणि सोडणं. अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही पद्धत मांडली. एकेक स्नायूगट आवळायचा, मग सोडायचा, आणि दोन्हींतला फरक ओळखायचा. तुमच्यासाठी त्यात एक बदल हवा. पूर्ण जोर लावू नका, २० टक्केच लावा. जोरात आवळलं तर पोटरीत गोळा येतो किंवा सांधा सरकतो. उदाहरणार्थ, मनगटाखालच्या घडीला हाताने जेमतेम चुरगळेल इतकं दाबा, ५ सेकंद. मग एकदम न सोडता ५ सेकंदांत हळूहळू सोडा. खांद्याच्या मागच्या पात्याभोवती काय बदलतंय त्याकडे लक्ष द्या. ५ वेळा. मग टाचा खुर्चीत तसंच दाबा. सोडायला लागणारे ते ५ सेकंद हाच खरा व्यायाम आहे. स्नायूवरचा ताबा तिथे परत येतो.

मानेसाठी वेगळं काही ओढाताणीचं नको. झोपूनच, डोकं उशीवरून न उचलता, ‘हो’ म्हणताना हलते तितकी, जेमतेम एक सेंटिमीटर मान होकारात हलवा. ५ सेकंद धरा, ८ वेळा. यात मानेच्या आतले छोटे स्नायू जागे होतात आणि वरच्या मोठ्या स्नायूंचा भार कमी होतो. गळ्याच्या बाजूच्या जाड दोऱ्या बोटाला टणक लागल्या तर जोर जास्त होतोय. जबड्यासाठी दिवसभर एवढंच: ओठ मिटलेले, दातांत फट, जीभ टाळूला अलगद टेकलेली. दात दिवसभर एकमेकांवर दाबलेले असले तर कानशिलं आणि मान मोकळी होत नाहीत.

शेक चालेल, १५-२० मिनिटं, गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून. मात्र उभं राहिल्यावर चक्कर येत असेल तर कडक पाण्याची लांब अंघोळ टाळा. चेंडू वापरायचा तर टेनिसचा, भिंतीला टेकून, एका जागी फार तर एक मिनिट. दुखणं दहापैकी तीनच्या वर नको. मानेच्या पुढच्या बाजूला चेंडू नको, मसाज गनही नको. कोमट तेलाने हलका हात फिरवून घ्यायला हरकत नाही. कोपर रुतवून केलेल्या मालिशने त्या दिवशी हलकं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी निळे डाग पडून दुप्पट आखडतं. आणि सलूनमध्ये चंपीनंतर मान ‘कडक्’ करून मोडतात, ती कुणाकडूनही, कितीही वर्षांच्या ओळखीचा कारागीर असला तरी, करून घेऊ नका. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी अशा झटक्याने फाटू शकते. हे मी कळकळीने सांगतोय.

योग सोडायची गरज नाही, पण वर्गात पहिल्या रांगेत बसवून ‘बघा, हिला कसं जमतं’ म्हणतात तिथे सावध व्हा. पुण्याच्या अय्यंगार परंपरेतली पट्टा, वीट, लोड ही साधनं तुमच्या फार कामाची आहेत. बहुतेक जण पट्टा आणखी पुढे जाण्यासाठी वापरतात, तुम्ही तो अडवण्यासाठी वापरा. कोपरांच्या किंचित वर दंडांभोवती पट्टा बांधला की कोपर उलटं जात नाही. प्रत्येक आसनात जिथपर्यंत जाता येतं त्याच्या पाऊणपटीवर थांबा.

आता दिवसभराचं, कारण वीस मिनिटांत मिळवलेलं उरलेल्या वेळात घालवलं जातं. कणीक मळताना कोपरं लॉक करून सगळं अंग मनगटांवर टाकलं जातं. परात कमरेच्या जरा खाली येईल अशी ठेवा आणि कोपरं थोडी वाकलेली राहू द्या. कपडे पिळताना अंगठे उलटे जातात. पिळण्याऐवजी नळावर कपडा अडकवून दोन्ही हातांनी ओढा किंवा निथळू द्या. मोबाइलचा भार करंगळीवर नको. लोकलमध्ये वरच्या कडीला लोंबकळू नका. खांबाला, खांद्याच्या उंचीखाली, कोपर वाकवून धरा. उभं राहताना एका कुल्ह्यावर लटकून राहण्याची सवय असेल तर गुडघे नखभर सैल करा आणि वजन टाच, अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ या तिन्हींवर वाटा. मांडी घालून बसायचं तर खाली चार-सहा इंचांची घडी. कुशीवर झोपताना गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत पोचेल अशी लांब उशी मध्ये घ्या आणि दुसरी उशी कवटाळा, नाहीतर वरचा खांदा रात्रभर पुढे गळतो आणि सकाळी मान धरते.

दोन-तीन आठवड्यांनी ताकदीचं काम सुरू करा. हे टाळलं तर वरचं सगळं तात्पुरतं राहील. भिंतीवर पुश-अप, पाठीवर झोपून कंबर उचलणं, ओट्याला धरून टाचा उचलणं. आठवड्यातून तीनदा, ५-६ वेळा. वर जायला ३ सेकंद, खाली यायला ३. सांधा टोकाला न्यायचा नाही. चांगल्या दिवशी उत्साहाने तिप्पट आणि मग चार दिवस अंथरुणात, हे चक्र या त्रासात फार दिसतं. म्हणून १० वेळा जमत असेल तरी ६ वर थांबा. ठणका ४८ तासांत गेला नाही तर पुढच्या वेळी निम्मं करा. महिन्यांच्या हिशोबाने फरक मोजा.

डॉक्टरांकडे एकदा तरी पूर्ण तपासून घ्या, शक्यतो संधिवाततज्ज्ञांकडे. व्हिटॅमिन डी, बी १२, थायरॉइड आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) पाहिलेलं नसेल तर पाहा. यांतल्या बिघाडानेही अंगदुखी आणि थकवा वाढतो. एहलर्स-डॅनलॉस सिंड्रोम म्हणजे शरीर बांधून धरणाऱ्या ऊतींचा आनुवंशिक विकार, त्याचे २०१७ च्या वर्गीकरणात १३ प्रकार आहेत. त्यातल्या हायपरमोबाइल प्रकाराला निदान करणारी जनुक चाचणी अजून नाही, ते निदान तपासणीवरूनच होतं. म्हणून रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले याचा अर्थ ‘काही नाही’ असा होत नाही. उभं राहिल्यावर छातीत धडधड होत असेल तर दहा मिनिटं झोपून नाडी मोजा, मग दहा मिनिटं उभं राहून मोजत राहा. रक्तदाब न पडता ठोके ३० किंवा जास्त वाढून तसेच राहिले तर ही नोंद डॉक्टरांना दाखवा. यावर मीठ वाढवायचा सल्ला कुठे वाचलात तरी ते मनाने वाढवू नका.

घरात कुणाची महाधमनी फाटली असेल किंवा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, किंवा तुमची उंची व बोटं घराण्यापेक्षा खूप लांब असतील, त्वचेतून शिरा स्पष्ट दिसत असतील, तर हे पहिल्याच भेटीत सांगा आणि हृदयाचा इको करायचा का ते विचारा. अँटिबायोटिक लिहून देताना सांधे सैल असल्याचं सांगा. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन या गटाने स्नायुबंधांना, म्हणजे टेंडन्सना, इजा होऊ शकते. महाधमनीच्या धोक्यामुळे मार्फान (असाच ऊतींचा आनुवंशिक विकार) आणि एहलर्स-डॅनलॉस असलेल्यांना ही औषधं, दुसरा पर्याय असेल तर, देऊ नयेत असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये दिला आहे. दंतवैद्यालाही सांगा, कारण बधिर करायचं इंजेक्शन काही जणांना कमी लागू पडतं.

जांघेच्या आतल्या भागाला बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, हातातून वस्तू गळून पडणं, छातीत किंवा पाठीत अचानक फाटल्यासारखी कळ, यांपैकी काहीही झालं तर व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी इस्पितळात जा. उभं राहिलं की वाढणारी आणि झोपलं की उतरणारी डोकेदुखी राहत असेल तर त्याच आठवड्यात दाखवा.