वाचकांचे प्रश्न: चित्र, व्हिडिओ, आवाज... नक्की काय धरू?

प्रश्न: ताई, मी बीएफए सेकंड इयरला आहे. चित्रं काढते, मोबाईलवर शूट करते आणि आवाज रेकॉर्ड करायचा तर नादच लागलाय, बाजारातले, एसटी स्टँडवरचे, काहीही. सर म्हणतात एक माध्यम पकड नाहीतर कशातच पुढे जाणार नाहीस. तुम्ही कसं करता? – एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर: सरांची काळजी खरी आहे गं, अर्धवट सोडलेली कामं त्यांनी खूप बघितली असतील. पण माध्यम एकच हवं हे मला अजिबात पटत नाही, एक हवा तो विषय. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी बघ, पोथीतलं एकेक चित्र समोर धरायचं, साथीला वाद्यं आणि कथा गाऊन सांगायची, यातलं काय वेगळं काढणार? दादासाहेब फाळके मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयात चित्रकला शिकले, मग बडोद्याचं कलाभवन, फोटोग्राफी, छपाई, जादूचे प्रयोगसुद्धा. आणि १९१२ मध्ये सिनेमासाठी पैसे उभे करायचे होते तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि थोडं थोडं शूट करत रोप वाढताना दाखवलं. वाढ एका फोटोत मावत नाही म्हणून तिथे सिनेमा लागला. माध्यम असं गरजेपोटी यावं.

चित्रकार नलिनी मलानींचं कामही नक्की बघ. १९६९ ला जेजेतून बाहेर पडल्या आणि चित्रकार अकबर पदमसींनी मुंबईत सुरू केलेल्या व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉपमध्ये फिल्म, फोटो करायला लागल्या, पुढे मायलर म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या सिलिंडरवर मागच्या बाजूनं चित्रं रंगवून ते सिलिंडर फिरते ठेवले, प्रकाश आरपार जातो आणि सावल्या भिंतीभर फिरतात, त्यावर व्हिडिओ. चित्र त्यांनी सोडलं नाहीच!

माझं म्हणशील तर सुरुवात बहुतेक वेळा आवाजापासून होते. सध्या गिरणगावातल्या एका चाळीवर काम चाललंय, रिडेव्हलपमेंटला जाणार आहे ती. सकाळी नळाला पाणी येतं तेव्हाचं रेकॉर्डिंग परत परत ऐकत होते तर लक्षात आलं, बादली भरत जाते तसा आवाज चढत जातो. तो चढ चित्रात कसा आणायचा? मग एकाच कागदावर कोळशानं जिना काढला, फोटो, थोडं खोडलं, पुढची पायरी, परत फोटो, सगळे फोटो एकापाठोपाठ लावले की झालं अ‍ॅनिमेशन. ही पद्धत दक्षिण आफ्रिकेचे चित्रकार विल्यम केंट्रिज यांच्या कामातून घेतली. खोडलेल्याचे डाग कागदावर राहतात, आणि रिकामी होत चाललेली चाळ दाखवायला मला तेच डाग हवे होते, डिजिटलवर अनडू केलं की काहीच उरत नाही ना.

प्रश्न: एआयनं दोन मिनिटांत अ‍ॅनिमेशन होतं, मग हातानं कशाला मरायचं? – एक वाचक, नाशिक

उत्तर: क्लायंटची डेडलाइन असेल तर वापरा की, काही पाप नाही. पण सेकंदाला १२ चित्रं धरली तर दहा सेकंदांना १२० लागतात, आणि विसाव्या-तिसाव्या चित्राला हात ठरवल्यापेक्षा वेगळं काहीतरी करायला लागतो, त्या जिन्यावर एक म्हातारी येऊन बसली ती अशीच, माझ्या प्लॅनमध्ये ती नव्हतीच, आणि आता अख्खं काम तिच्याभोवती फिरतंय. हा वेळ मला वाचवायचाच नाहीये. मला कलेतलं सगळ्यात जास्त आवडतं ते हेच.

प्रश्न: महागडा लॅपटॉप, सॉफ्टवेअर नाहीये. सुरुवात कशी करू? – एक वाचक, लातूर

उत्तर: मोबाईल पुरे. कॉम्प्युटर मिळाला तर चित्रांसाठी क्रिता, अ‍ॅनिमेशनसाठी ब्लेंडर, आवाजासाठी ऑडॅसिटी, सगळं फुकट आहे, जुन्या मशीनवर ब्लेंडर जड जाईल तेवढंच. कागद चारी बाजूंनी टेपनं चिकटवा, मोबाईल स्टँडवर घट्ट बसवा, फोकस आणि एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) लॉक करा, आणि खिडकीचा उजेड सरळ बंद करून एकच बल्ब लावा, ढग आला गेला की फ्रेम लुकलुकतात आणि ते नंतर निस्तरताना जीव जातो. पहिलं काम दहा सेकंदांचं करा, पण आवाजासकट पूर्ण करा.