वडिलांचा ठावठिकाणा नसताना सावत्र वडिलांना मुलगी दत्तक घेता येईल का?

प्रश्न : पाच वर्षांपूर्वी माझा एकतर्फी घटस्फोट झाला. नऊ वर्षांच्या मुलीचा ताबा माझ्याकडे आहे. तिच्या वडिलांनी तेव्हापासून तिची विचारपूस केलेली नाही आणि ते कुठे आहेत हेही ठाऊक नाही. मागच्या वर्षी त्यांच्या भावाला मात्र त्यांचा एकदा फोन आला होता. माझे दुसरे पती मुलीला दत्तक घेऊ इच्छितात. आम्ही सर्व हिंदू आहोत. पहिल्या पतीच्या संमतीशिवाय नोटरीसमोर दत्तकपत्र केले तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही, आणि तुम्ही ते करू नये अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

हिंदू दत्तक आणि निर्वाह कायदा, 1956 च्या कलम 9 नुसार मूल दत्तक देण्याचा हक्क आई आणि वडील दोघांनाही सारखाच आहे. मात्र दुसऱ्याच्या संमतीवाचून तो एकट्याला वापरता येत नाही. याला अपवाद तीनच : दुसऱ्याने संन्यास घेतलेला असणे, तो हिंदू राहिलेला नसणे किंवा सक्षम न्यायालयाने त्याला मनोविकल ठरवलेले असणे. मूल सोडून जाण्याचा उल्लेख याच कलमात पुढे आहे, पण तो आई-वडील दोघांनीही मुलाला सोडले असून मुलाचा सांभाळ करणारा दुसरा पालक न्यायालयाच्या परवानगीने दत्तक देतो, त्या प्रसंगापुरता. एकटीने मूल वाढवणाऱ्या आईवर हा अन्याय आहे असे मला मनापासून वाटते, तरीही दत्तक पुढे टिकायचे असेल तर कलम पाळावेच लागेल. घटस्फोटाने किंवा ताब्याने वडिलांचा हा हक्क संपत नाही.

सात वर्षे ज्याची खबरबात नाही तो मृत मानला जातो, हे तुम्ही ऐकले असेल. पण भावाला फोन आलेला असल्यामुळे तो आधार तुम्हाला मिळणार नाही.

तोच भाऊ मात्र तुमचा सर्वांत जवळचा दुवा आहे. त्याच्यामार्फत पत्ता मिळवून रजिस्टर्ड पोस्टाने संमती मागा. दत्तकविधानानंतर मुलीच्या पोषणाची जबाबदारी जन्मदात्या वडिलांवर राहत नाही, हे कळल्यावर ते संमती देण्याची शक्यता बरीच असते. सोबतच पालक व पाल्य कायदा, 1890 खाली तुम्हाला एकमेव पालक नेमावे असा अर्ज कुटुंब न्यायालयात करा. वडील सापडले नाहीत तर न्यायालयाच्या परवानगीने वर्तमानपत्रातून नोटीस देता येते. मुलाची जबाबदारी न घेणाऱ्या वडिलांच्या हयातीतही आई नैसर्गिक पालक ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये गीता हरिहरन प्रकरणात म्हटले आहे, त्याचा आधार घ्या. पालकत्वाचा आदेश म्हणजे वडिलांची संमती नव्हे, पण शाळा, पासपोर्ट आणि उपचारांतील तुमची अडचण त्याने आजच दूर होईल.

बाल न्याय कायदा, 2015 खाली, केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या नियमांनुसार सावत्र पालकाने दत्तक घेण्याची स्वतंत्र वाट आहे. तिथेही जन्मदात्या पालकाची संमती मागितली जाते; परंतु नियम शिथिल करण्याचा अधिकार प्राधिकरणाला असल्याने पालकत्वाचा आदेश, वडिलांना पाठवलेली पण परत आलेली रजिस्टर्ड पाकिटे आणि जाहीर नोटीस जोडून तशी विनंती करता येईल. जिल्हा बाल संरक्षण कक्षात आधी चौकशी करा.

1956 च्या कायद्याने जायचे झाल्यास मुलगी पंधरा वर्षांच्या आतील असावी, तुमचे पती तिच्याहून किमान एकवीस वर्षांनी मोठे असावेत आणि त्यांना स्वतःची मुलगी नसावी. म्हणजे वेळ आहे, पण फार नाही. दत्तक होईपर्यंत तुमच्या पतींच्या मालमत्तेत तिला वारसाहक्क नाही, म्हणून त्यांनी तिच्या नावे मृत्युपत्र आताच करून ठेवावे.