वचन आईला दिलं, बाबांना विचारायचं राहून गेलं

"बाबांना बाहेर कुठे ठेवलं, तर मी त्यांना टाकलं असं होईल का हो?"

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच तिने हे विचारलं. वय ५२, कमरेला पट्टा, डोळ्यांखाली जागरणं. म्हाताऱ्या आई-वडिलांना सांभाळणाऱ्यांना सल्ला देताना हाच प्रश्न माझ्यासमोर वेगवेगळ्या तोंडांनी सारखा येतो, म्हणून तिची परवानगी घेऊन आणि ओळखीचे तपशील बदलून हा अनुभव लिहिते आहे.

तिचे वडील ८४ वर्षांचे. आई गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, तिच्याकडेच राहतात. आईने शेवटच्या दिवसांत हात हातात घेऊन सांगितलं होतं, "यांना कुठे ठेवू नकोस." हिने "नाही ठेवणार" म्हटलं. आता बाबांना पलंगावरून उठवायला हात द्यावा लागतो, रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, बाथरूममध्ये ते दोनदा पडले. भाऊ म्हणतो, "ठेव की एखाद्या चांगल्या ठिकाणी." बहीण म्हणते, "तुझ्याच्याने असं करवेल तरी कसं?" सल्ला द्यायला दोघं, रात्री उठायला ही एकटी.

मी होय-नाही काहीच उत्तर दिलं नाही. घर की वृद्धाश्रम, असा सवाल टाकला की माणूस दोन्हीकडून अपराधीच ठरतो. त्यापेक्षा मदत नेमकी कशात लागते आणि किती वाजता लागते, हे आधी कळायला हवं. म्हणून तिला एक वही करायला सांगितली. सात दिवस. बाबांना मदत लागली की वेळ आणि काम, एवढंच लिहायचं.

यामागे जुनी, साधी पद्धत आहे. माणूस रोजचं स्वतःचं किती करू शकतो हे बघायला १९६३ साली अमेरिकेतले डॉक्टर सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा गोष्टी ठरवल्या: आंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, पलंग-खुर्चीवरून उठणं-बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणं. पुढे १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रॉडी यांनी औषधं वेळेवर घेणं, पैशांचे व्यवहार, फोन, स्वयंपाक अशा कामांची दुसरी यादी दिली. दुसऱ्या यादीतच अडचण असेल तर बहुतेक वेळा घरी थोडी मदत पुरते. पहिल्या यादीतल्या तीन-चार गोष्टी सुटल्या, की एका माणसाला ते काम झेपत नाही. मग तो माणूस कितीही मायेचा असो.

वही आली. एक पान मला अजून आठवतं. "२.१०, लघवी. २.४०, पाणी. ४.०५, लघवी, पाय सरकला, टॉवेलचा दांडा धरला." सोबत तिने मोबाइलवर फोटो दाखवला. तो दांडा मधोमध वाकला होता आणि एका बाजूचा स्क्रू भिंतीतून अर्धा बाहेर आला होता. कमोडवरून उठताना बाबा रोज त्यालाच लोंबकळून उठत होते. टॉवेल अडकवायचा दांडा, माणसाचं वजन कसं पेलणार? दिवसभर मात्र वही जवळजवळ कोरी होती. बाबा वाचत बसायचे, स्वतः जेवायचे, औषधांच्या वेळा त्यांना तोंडपाठ होत्या. म्हणजे खरी अडचण रात्रीची आणि आंघोळीची.

तिच्याकडून मी झारिट यांची २२ प्रश्नांची प्रश्नावलीही भरून घेतली. सांभाळणाऱ्यावर किती ताण आहे हे त्यातून कळतं. भरताना ती मध्येच थांबली आणि रडली. "यात माझ्याबद्दल विचारलंय," म्हणाली. दोन वर्षांत तिला ते कुणीच विचारलं नव्हतं.

पुढच्या वेळी मी बाबांना बोलावलं आणि आधी एकट्यांशीच बोलले. हे मी कधीच चुकवत नाही. मुलांसमोर म्हातारी माणसं मुलांना सोपं जाईल तेच बोलतात. आईला दिलेल्या वचनाबद्दल त्यांना ठाऊकच नव्हतं. ऐकून बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ती माझी काळजी करायची, म्हणून बोलली असेल. पण मला पोरीच्या हातून आंघोळ घालून घ्यायची लाज वाटते हो. म्हणून आठवड्यातून दोनदाच करतो. तिला सांगतो, थंडी वाजते." आणि दाराकडे बघून हळूच, "रात्री तिला हाक मारायचं जिवावर येतं. म्हणून एकटाच उठतो. तसाच पडलो."

मुलगी आत आल्यावर हे त्यांनी पुन्हा सांगितलं. माझ्या आग्रहावरून नव्हे, आपणहून. आता दोघंही रडत होते, पण दोन वर्षांत पहिल्यांदा एकाच गोष्टीवर बोलत होते.

तेव्हा लगेच कुठे हलवायचं ठरलं नाही. भिंतीत पक्के बसवलेले धरायचे दांडे, कमोडची उंची वाढवणारं आसन, पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर मंद दिवा, वाटेतली पायपुसणी काढली. रात्रीपुरता एक पुरुष मदतनीस ठेवला, सकाळची आंघोळ घालूनच तो जायचा. आंघोळ रोज होऊ लागली. आठवड्यातून तीन दिवस ज्येष्ठांच्या डे-केअर केंद्रात. परक्या माणसाकडून अंगाची कामं करून घेणं कित्येक म्हाताऱ्यांना सोपं वाटतं, हे मुलांच्या लक्षातच येत नाही.

आठ महिने बरे गेले. मग पाय आणखी थकले, दिवसाही मदत लागू लागली, मदतनीस टिकेनात. या वेळी विषय बाबांनीच काढला. आम्ही तीन जागा बघितल्या. मी नेहमी सांगते तसं, एकदा ठरवून जा आणि एकदा न कळवता, संध्याकाळी, जेवणाच्या वेळेला. रात्री किती जणांमागे किती माणसं ड्यूटीवर असतात, ते विचारा. तब्येत आणखी ढासळली तर इथेच ठेवतात की न्यायला सांगतात, हे लेखी घ्या. महिन्याच्या रकमेत काय धरलंय, कशाचे वेगळे लागतात, अनामत कधी परत मिळते, हेही. आणि तिथे राहणाऱ्या कुणाशी तरी बोला. उठायची वेळ ते स्वतः ठरवतात का, एवढं एक विचारलं तरी पुष्कळ कळतं.

हा शेवटचा प्रश्न मी उगाच धरून बसत नाही. १९७६ मध्ये एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका शुश्रूषागृहातला प्रयोग प्रसिद्ध केला होता. एका मजल्यावरच्या ज्येष्ठांना सांगितलं, इथले निर्णय तुमचे आहेत, आणि एकेक रोप निवडून सांभाळायला दिलं. दुसऱ्या मजल्यावर रोपं दिली, पण सांभाळणार कर्मचारी. तीनच आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त तरतरीत आणि हालती-बोलती दिसू लागली.

बघितलेल्या जागांपैकी एका ठिकाणी बाबा आधी महिनाभर तात्पुरते राहून आले. त्यांची घरची खोली तिने तशीच ठेवली. नव्या जागेत पहिले काही आठवडे झोप उडते, भूक मंदावते, "मला घेऊन चल" असे फोन येतात. तिलाही आले. ती आधीच तयार होती, म्हणून कोलमडली नाही. (मात्र माणूस एका-दोन दिवसांत अचानक गोंधळून बरळू लागला, तर ते जागेमुळे किंवा वयामुळे असं धरून बसू नका. आजार किंवा औषध कारण असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.)

आता ती एक दिवसाआड जाते. मागच्या महिन्यात भेटली तेव्हा कमरेचा पट्टा नव्हता. "पूर्वी दिवसभर बाबांची कामं करायचे, पण त्यांच्याजवळ बसत नव्हते," म्हणाली. "काल दोन तास पत्ते खेळलो. ते जिंकले. आणि निघताना मलाच म्हणाले, जपून जा, अंधार पडलाय."